वाईट सिनेमा आणि घरची गोष्ट : 'मॅकेनाज् गोल्ड' पुन्हा बघताना

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

सुरुवातीलाच एक खुलासा. आज बोलताना 'आम्ही, आम्ही' असं सारखं येईल. तो मोठेपणा नाही. आम्ही तिघं भावंडं. हे टिपण तिघांनी बसून केलंय, तिघांच्या आठवणी त्यात आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्या का जुळत नाहीत, हाच खरं तर आजचा विषय आहे.

निमित्त आहे एका जुन्या वेस्टर्नचं, १९६९ सालच्या 'मॅकेनाज् गोल्ड'चं. हात वर करा बरं, कुणी कुणी पाहिलाय? बघा, निम्मं सभागृह. आता ज्यांनी गेल्या दहा वर्षांत पुन्हा पाहिलाय त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) चार. म्हणजे बाकी सगळ्यांच्या डोक्यात तो अजून सुंदर आहे. आज आम्ही तो थोडा बिघडवणार आहोत. पण शेवटी काहीतरी परतही करू.

आधी गोष्ट, नवीन मंडळींसाठी. काळ १८७४. मॅकेना नावाचा मार्शल वाळवंटातून चाललाय. एक म्हातारा अपाची त्याच्यावर गोळी झाडतो, झटापटीत तोच जखमी होऊन मरतो. त्याच्याजवळ नकाशा असतो, सोन्याने भरलेल्या दरीचा. मॅकेनाचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तो नकाशा बघतो आणि जाळून टाकतो. तेवढ्यात कोलोराडो नावाचा दरोडेखोर येऊन पोचतो. नकाशा तर गेला, आता तो फक्त मॅकेनाच्या डोक्यात. म्हणून त्याला जिवंत ठेवायचं आणि पुढे घालून न्यायचं. पुढचा सगळा सिनेमा या एका गोष्टीवर उभा आहे : एका माणसाला काहीतरी आठवतंय, आणि बाकीचे त्याच्या आठवणीवर विश्वास ठेवून मागे निघालेत. ही ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

मॅकेना म्हणजे ग्रेगरी पेक, कोलोराडो म्हणजे ओमर शरीफ. मध्ये लष्कराचा सार्जंट टिब्ज येतो, तो टेली सॅव्हालस. सोन्याची बातमी गावात फुटते आणि गावातले प्रतिष्ठितही निघतात. संपादक, धर्मोपदेशक, दुकानदार, सगळे. शेवटी उरतात मोजके. सकाळच्या उन्हात एका उंच सुळक्याची सावली सरकत जाऊन दरीची वाट दाखवते. आत सोनंच सोनं. मग मारामारी, मग भूकंप, आणि सगळं गडप.

वाईट म्हणजे किती वाईट?

वाईट होण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. निर्माता आणि पटकथाकार कार्ल फोरमन, म्हणजे 'हाय नून' लिहिणारा माणूस. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन. फोरमन, थॉम्पसन आणि पेक या तिघांनी मिळून १९६१ साली 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' केला होता आणि तो जगभर चालला होता. संगीत क्विन्सी जोन्सचं. छोट्या छोट्या भूमिकांत एडवर्ड जी. रॉबिन्सन, ली जे. कॉब, ईलाय वॉलक, अँथनी क्वेल. पंगत भारी बसवलेली होती. जेवण बिघडलं.

का बिघडलं, ते तीन मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा, कात्री. सिनेमा मुळात बराच लांब, मध्यंतरासह दाखवायचा असा योजला होता. तो कापून १२८ मिनिटांवर आणला. म्हणून माणसं अचानक येतात आणि ओळख व्हायच्या आधी मरतात. गावातल्या प्रतिष्ठितांचं तेच होतं. एवढे मोठे नट जमवले आणि लष्कराच्या एका हल्ल्यात बहुतेकांचा निकाल लावला. जे कापता येत नव्हतं ते निवेदकाच्या आवाजात सांगून टाकलं.

दुसरा मुद्दा, जोडकाम. मोठे देखावे ७० मिलिमीटरच्या भव्य फिल्मवर, खऱ्या वाळवंटात घेतलेले. पण तराफ्याचा प्रसंग आला की नट स्टुडिओतल्या हलत्या फळ्यांवर, आणि मागच्या पडद्यावर आधीच चित्रित केलेली नदी. याला बॅक प्रोजेक्शन म्हणतात. तंत्र जुनंच आहे, वाईट नाही. पण नदीचा उजेड एक आणि नटाच्या चेहऱ्यावरचा उजेड दुसरा असला की डोळ्याला खटकतं. इथे सारखं खटकतं. भूकंपात कोसळणारे कडे छोट्या प्रतिकृतींचे आहेत, हे आज शाळेतलं पोरही ओळखतं. आणि सावली! सूर्य वर येतो तशी सावली आखूड होते, हे आपण चौथीत शिकलो. इथे सूर्य वर येतो आणि सावली लांब होत पुढे पुढे पळते. (हशा)

तिसरा मुद्दा जरा गंभीर आहे. यातला अपाची हचिटा म्हणजे टेड कॅसिडी, अपाची बाई हेश-के म्हणजे ज्युली न्यूमार, म्हातारा अपाची म्हणजे इटलीत जन्मलेला एदुआर्दो चानेली. ज्यांच्या जमिनीची आणि ज्यांच्या देवांची गोष्ट आहे, ते लोक मुख्य भूमिकांत नाहीतच. आणि तो सुळका? तो खरा आहे. त्याचं नाव स्पायडर रॉक, ॲरिझोनातल्या कॅन्यन डी शे या दरीत. साधारण अडीचशे मीटर उंच. ती नावाहो लोकांची भूमी. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे तिथे कोळी-स्त्री राहते, तिने माणसांना विणायला शिकवलं. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने याच दरीत शिरून नावाहोंची पिकं आणि फळबागा नष्ट केल्या आणि त्यांना शेकडो मैल चालवत नेलं. सिनेमाचा काळ त्यानंतर जेमतेम दहा वर्षांचा. पण सिनेमात याचा उच्चारही नाही. सुळका फक्त बाणासारखा उभा केलाय, सोन्याची दिशा दाखवायला.

अमेरिकेत सिनेमा पडला. खुद्द पेकनेही पुढे त्याच्याबद्दल कधी चांगलं बोललेलं नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे वर्षानुवर्षं चालला. उतरायचा, परत लागायचा. सोव्हिएत रशियातही सहा कोटींहून जास्त तिकिटं खपली. कारणं शोधायला फार लांब जायला नको. इंग्रजी कळलं नाही तरी अडत नाही. घोडे, दोरीचा पूल, खजिना, भूकंप. चांगला कोण, वाईट कोण हे कपड्यांवरून कळतं. संवाद वाईट आहेत हे कळायला आधी संवाद कळावे लागतात. आपण त्यातून सुटलो. (हशा)

आम्ही पाहिलेला सिनेमा

आता घरचं सांगतो.

आमचं गाव कोल्हापूरपासून एसटीने तासाभरावर. बाबा प्राथमिक शिक्षक. त्यांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ते शेती बघायचे. १९८१ च्या मे महिन्यात बाबा आम्हां तिघांना कोल्हापूरला सहाच्या खेळाला घेऊन गेले. आधी सरकारी समाचारपट, मग जाहिराती, मग सिनेमा. बाबा अख्खा वेळ कुजबुजत होते. मागचा माणूस दोनदा 'ओ मास्तर' म्हणाला, तरी थांबले नाहीत. कोण काय म्हणालं ते ते मराठीत सांगत होते. त्यातलं खरं किती आणि पदरचं किती, देव जाणे.

शेवटची गाडी पावणेनऊची. स्टँड पंधरा मिनिटं लांब. पडद्यावर जमीन हलायला लागली आणि इकडे बाबांनी धाकट्याला कडेवर घेतलं. 'चला, गाडी चुकेल.' दारातून मागे वळून बघताना आम्हाला कडा कोसळताना दिसला. बस, एवढाच आमचा शेवट.

उरलेला शेवट बाबांनी गाडीत सांगितला. 'सगळं बुजलं. सोनं कुणालाच मिळालं नाही. जीव वाचला तेच खूप, असं म्हणून रिकाम्या हातांनी परत गेले.'

हीच गोष्ट त्यांनी पुढे कितीतरी वेळा सांगितली. रात्री वीज गेली की ओसरीवर घोंगडी टाकायची आणि 'बाबा, सोन्याची दरी' म्हणायचं. सुळक्याची सावली ते कंदिलासमोर हात धरून भिंतीवर पाडायचे. शेवट ठरलेला. आम्ही विचारायचो, 'कुणालाच नाही?' ते म्हणायचे, 'कुणालाच नाही.'

१९८३ साली आजी गेली. आजीची एक पुतळ्यांची माळ होती, सणावाराला तिच्या गळ्यात पाहिल्याचं आईला आठवत होतं. दिवस झाल्यावर ट्रंक उघडली, तर माळ नव्हती. किल्ल्या काकूंकडे. कुणी काही बोललं नाही, पण प्रत्येकाला काय वाटलं ते प्रत्येकाला कळलं. बाबा म्हणाले, 'सोन्याचा विषय या घरात नको.' पुढच्याच वर्षी त्यांची बदली झाली आणि आम्ही गाव सोडलं. मग जाणंयेणं लग्नकार्यापुरतं, नंतर तेवढंही नाही. आम्ही मोठे झालो ते हे धरून की तात्यांनी माळ ठेवून घेतली आणि आमचे बाबा मोठ्या मनाचे म्हणून गप्प बसले. सिनेमातला मॅकेना म्हणजे बाबा. कोलोराडो कोण, ते सांगायला नको.

तात्यांबरोबर पुन्हा

बाबा गेल्यानंतर तात्या वर्षश्राद्धाला आले. वय ऐंशीच्या पुढे, कानाला यंत्र. जेवणं झाली, पाहुणे पांगले. काय बोलायचं ते कुणालाच सुचेना. तेव्हा धाकट्याने टीव्हीवर 'मॅकेनाज् गोल्ड' लावला. बाबांची आठवण म्हणून.

पहिल्या अर्ध्या तासात आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. हा तो सिनेमा? तराफा आला तेव्हा नातवंडं हसली. आम्हाला वाईट वाटलं, जरा रागही आला, आणि खरं सांगायचं तर आम्हीही हसलो. तात्या मात्र सरळ बसून बघत होते.

भूकंप आला. चाळीस वर्षांनी आम्ही दाराच्या पुढचा भाग पाहत होतो. मॅकेना आणि त्याच्याबरोबरची मुलगी घोड्यावर बसून निघतात. घोडा टिब्जचा आहे. टिब्जने मरण्याआधी त्याच्या खोगिराच्या पिशव्या सोन्याने भरून ठेवलेल्या असतात. मॅकेनाला याचा पत्ता नाही. पण कॅमेरा आपल्याला पिशवी दाखवतो. सोनं. आणि सिनेमा संपतो.

ताई म्हणाली, 'अरे! म्हणजे मिळालं की त्याला! बाबांना माहीतच नव्हतं, आपण आधीच निघालो होतो.'

तात्या म्हणाले, 'त्याला ठाऊक हुतं. तीनदा बघितला हुता आम्ही दोघांनी. तो अध्यापक विद्यालयात हुता, मी गूळ घेऊन शाहूपुरीत यायचो, तवा.'

मग बराच वेळ थांबून त्यांनी विचारलं, 'माळंचं तरी सांगितलं हुतं न्हवं तुम्हास्नी?'

नव्हतं सांगितलं. ते तात्यांनी सांगितलं. बाबांच्या शिक्षणाच्या वर्षी गुळाचा दर पडला होता. फी, खाणावळ, खोलीभाडं, काहीच जमेना. आजीने माळ काढून दिली, तात्यांनी ती गुजरीत विकली आणि बाबांना सांगितलं, गुळाचे पैसे आहेत. आजीने बजावलं होतं, त्याला कळू देऊ नको, शिक्षण सोडून परत येईल. आजी गेल्यावर तात्यांनी ते बाबांना सांगून टाकलं. बाबा म्हणाले, पोरांना मी सांगतो.

'मला वाटलं, सांगितलं असंल,' तात्या म्हणाले. 'मला वाटायचं, समदं ठाऊक असून पोरं येत न्हाईत.'

म्हणजे सोन्याची पिशवी आमच्याच घोड्यावर होती. बाबांच्या नोकरीत, आमच्या शाळेच्या फीमध्ये, या टीव्हीतसुद्धा. आणि चाळीस वर्षं आम्ही दुसऱ्याच्या पिशवीकडे बोट दाखवत होतो.

आठवण काय करते

आता जरा शास्त्राकडे येऊ, कारण इथे बाबांना पटकन खोटारडे ठरवायचा मोह होतो. आम्हालाही झाला.

केंब्रिजमध्ये फ्रेडरिक बार्टलेट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९३२ साली त्यांचं 'रिमेंबरिंग' हे पुस्तक आलं. त्यात एक प्रयोग आहे. त्यांनी इंग्रज लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली. हाही योगच म्हणायचा. मग काही काळाने, पुन्हा काही काळाने, ती आठवून लिहायला सांगितली. झालं काय? गोष्ट आखूड होत गेली. जे अनोळखी ते गळालं, नाहीतर ओळखीचं होऊन बसलं. त्यांच्या विशिष्ट होडीची साधी नाव झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. भुतांचा भाग समजेना, तर तो बऱ्याच जणांनी गाळूनच टाकला. आणि कुणी मुद्दाम खोटं लिहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण जे वाचलं तेच लिहितोय.

बार्टलेट यांचं म्हणणं असं की आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फिल्म नाही. आपण ती प्रत्येक वेळी नव्याने बांधतो, आणि बांधताना आपल्याला जे आता हवंय, जे पटतंय, त्याचं सामान वापरतो.

बाबांचं काय झालं असेल? आम्ही तिघांनी तीन उत्तरं काढली. ताईचं म्हणणं, त्यांनी जाणूनबुजून शेवट बदलला. फुकटचं सोनं मिळतं हे मुलांना शिकवायचं नव्हतं, शिक्षक होते ते. धाकट्याचं म्हणणं, माळेचं कळल्यावर त्यांना पिशवीचा शेवट सहन होईना, म्हणून तो त्यांच्याकडून गळाला. पण मधल्याने एक अडचण काढली : १९८१ साली गाडीत शेवट सांगितला, तेव्हा माळेचं त्यांना कुठे माहीत होतं? ताई म्हणते गाडीतच सांगितला. धाकटा म्हणतो गाडीत तो झोपला होता, शेवट पहिल्यांदा ओसरीवर ऐकला, आजी गेल्यानंतर. आता खरं कोणतं? मगाशी आम्ही तुम्हाला 'गाडीत सांगितला' असं ठामपणे सांगितलं. तेसुद्धा आमच्यातल्या दोघांचं मत आहे, एवढंच. नकाशा जळून गेलाय आणि तो फक्त आमच्या डोक्यात आहे.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. सिनेमाचा शेवट बदलणं आणि माळेचं न सांगणं, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिलीला विसरणं म्हणता येईल. दुसरीला नाही. 'मी सांगतो' म्हणून त्यांनी सांगितलं नाही, आणि त्याची किंमत तात्यांनी भरली. आमचे बाबा प्रेमळ होते आणि यात चुकले. दोन्ही खरं आहे.

आता गंमत बघा. या सिनेमाच्या मुळाशी विल हेन्रीची कादंबरी आहे, आणि तिच्यामागे अमेरिकेतली एक जुनी आख्यायिका. ॲडम्स नावाचा गाडीवान सांगायचा की १८६४ च्या सुमाराला आपल्याला न्यू मेक्सिकोकडे सोन्याची दरी सापडली होती, अपाचींनी सोबत्यांना मारलं, आपण निसटलो, आणि नंतर ती वाट पुन्हा सापडलीच नाही. लोक पिढ्यान्‌पिढ्या शोधत राहिले. सोनं कुणालाच मिळालं नाही. म्हणजे बाबांचा शेवट हॉलिवूडपेक्षा मूळ गोष्टीच्या जवळचा निघाला! त्यांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण बरं वाटलं.

आणखी एक. या सिनेमाचं चित्रीकरण चालू असताना एका विद्यार्थ्याला तिथे पाठवलं होतं, त्याबद्दल लघुपट करायला. त्याने सिनेमा जवळजवळ बाजूलाच ठेवला आणि वाळवंट टिपलं, ढग, प्रकाश, पाणी. त्याचं नाव जॉर्ज ल्युकस. तोच पुढे 'स्टार वॉर्स' करणारा. एकाच जागी उभं राहून माणसं वेगवेगळा सिनेमा बघतात, याचं याहून सोपं उदाहरण आम्हाला सापडलं नाही.

तुम्ही काय करू शकता

तुमच्याही घरी असा एखादा सिनेमा असेल. वेस्टर्नच पाहिजे असं नाही. तो पुन्हा बघणार असाल, तर एवढं करा.

बघायच्या आधी प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहायचं : काय आठवतंय, शेवट काय, शेजारी कोण बसलं होतं, घरी कसे आलो. एकमेकांना दाखवायचं नाही. मग सिनेमा बघायचा, शक्य असेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाबरोबर. आणि मग कागद उघडायचे. जिथे सगळ्यांचं जुळतं तो भाग सोडून द्या. जिथे जुळत नाही तिथे थांबा. ज्या प्रसंगाची सिनेमात जागाच नाही आणि तरी तो तुम्हाला लख्ख आठवतो, तो कुणीतरी घरी घातलेला आहे. आणि जो सिनेमात आहे पण घरात कधी बोलला गेला नाही, तो कुणीतरी काढलेला आहे. का, ते विचारा. विचारता येतंय तोवर विचारा. आम्ही बाबांना विचारायला उशीर केला. तात्यांच्या बाबतीत थोडक्यात वाचलो.

सिनेमा वाईटच असलेला बरा, असं आम्हाला आता वाटतं. चांगल्या सिनेमात माणूस गुंतून जातो. वाईट सिनेमात मध्ये मध्ये शेजारी बघायला वेळ मिळतो.

त्या दिवाळीत आम्ही तिघं मुलाबाळांसकट गावाला गेलो. काकूंच्या पाया पडलो. त्यांनी काही विचारलं नाही, आम्हीही फार बोललो नाही. रात्री वीज गेली. तात्यांनी कंदील मागवला आणि नातवंडांना सोन्याच्या दरीची गोष्ट सांगितली. हात धरून सुळका केला, भिंतीवर सावली पाडली. शेवटी धाकट्याच्या मुलीने विचारलं, 'मग सोनं कुणाला मिळालं?'

तात्यांनी आमच्याकडे बघितलं. म्हणाले, 'मिळालं एकाला. पण त्याला लई दिवस कळलंच न्हाई.'

आता प्रश्न विचारा. आणि मगाशी ज्यांनी हात वर केले होते, त्यांनी आधी सांगा : तुमच्या आठवणीत शेवट काय होता?